मत माझं, कारण कोणाचं?

२६ एप्रिल २०२४ ला वर्धा लोकसभा मतदारसंघात मतदान झालं. ४ जूनला निकाल लागला आणि राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षाचे अमर काळे यांनी भाजपचे दोन वेळचे खासदार रामदास तडस यांना ८१ हजारांहून जास्त मतांनी हरवलं. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान झालं. २३ तारखेच्या निकालात वर्धा, देवळी, आर्वी आणि हिंगणघाट या जिल्ह्यातल्या चारही जागा भाजपकडे गेल्या. मतदार तेच होते, शाळांच्या खोल्यांमधली मतदान केंद्रंही बहुतेक तीच. मध्ये सात महिनेसुद्धा गेले नव्हते.

दोन्ही वेळा मी रांगेत उभी राहून बोटाला शाई लावून घेतली. मत कोणाला दिलं ते इथं सांगत नाही, कारण ते सांगितलं की वाचणारा तेवढंच धरून बसेल आणि मला जे विचारायचं आहे ते बाजूला राहील. मला स्वतःलाच विचारायचं आहे की मी ते मत का दिलं. त्यामागचं कारण खरोखर माझं होतं, की निकालानंतर टीव्हीवर आणि पेपरात जे सांगितलं गेलं तेच मी माझं म्हणून उचललं?

४ जूनच्या दुपारपासून कारणं येऊ लागली होती. संविधान बदलण्याची भीती, सोयाबीनचे पडलेले भाव, पक्ष फोडण्याचा राग, खासदारांवरची नाराजी. आठवडाभरात ही कारणं इतक्यांदा कानावर पडली की नागपूरच्या नातेवाइकांनी फोनवर विचारलं तेव्हा मीही तीच सांगितली, जवळजवळ त्याच क्रमानं. नंतर एकटी बसून आठवायला लागले तर वेगळंच आठवलं. मतदानाच्या सकाळी माझ्या डोक्यात एका कार्यकर्त्यानं आमच्या वस्तीत केलेली अरेरावी होती. नोकरी शोधणाऱ्या मुलाची काळजी होती. आणि आदल्या रात्री टीव्हीवर पाहिलेली एक चर्चा होती, जिच्यातल्या निवेदकाचा मला मनस्वी संताप आला होता. त्या माणसाचा वर्ध्याशी काही संबंध नाही. समुद्रपूर आणि सेलू ही इथल्या तालुक्यांची नावं त्यानं ऐकली असतील की नाही, शंकाच आहे. तरी त्याच्यावरचा राग मी मतदान केंद्रापर्यंत घेऊन गेले, आणि माझ्या मतात त्या रागाचा वाटा होता. हे लिहिताना जड जातं. पण यापासून सुरुवात केली नाही तर पुढचं सगळं दुसऱ्यांबद्दल बोलणं होईल.

नोव्हेंबरच्या निकालानंतरही तेच झालं. फक्त कारणं बदलली. या वेळी सगळ्यांच्या तोंडी 'लाडकी बहीण' होती. जुलैपासून सुरू झालेली योजना, महिन्याला दीड हजार रुपये, मतदानाच्या आधी खात्यात जमा झालेले हप्ते. त्यापाठोपाठ 'बटेंगे तो कटेंगे' ही घोषणा, आणि मग जातींचं गणित. मी ही कारणंही ऐकली आणि स्वीकारली. आज मागे वळून बघताना मला सगळ्यात जास्त बोचतं ते हे, की दोन्ही निकालांनंतर मला जी स्पष्टीकरणं मिळाली त्यांत माझ्याच जिल्ह्यातल्या माणसांचा अपमान होता, आणि तो मी निमूट ऐकून घेतला. एकदा तर मनातून पटवूनही घेतला.

जूनमधला अपमान असा. हरलेल्या बाजूच्या नेत्यांनी 'फेक नॅरेटिव्ह' असा शब्द वापरायला सुरुवात केली आणि चर्चांमध्ये तो रुजला. म्हणणं असं, की संविधान बदलणार अशी अफवा पसरवली गेली आणि दलित वस्त्या फसल्या. आता वर्ध्यात राहणाऱ्या माणसानं हे ऐकून घ्यावं का? इथल्या बौद्ध वस्त्यांमध्ये १४ एप्रिलची तयारी महिनाभर आधीपासून चालते. विहारांत व्याख्यानं होतात, पोरं भाषणं पाठ करतात, घराघरांत बाबासाहेबांची पुस्तकं असतात. मी शिकवायचे त्या शाळेत संविधानाची उद्देशिका न अडखळता म्हणणारी मुलं बहुतेक त्याच वस्त्यांमधून यायची. २०२४ ची जयंती प्रचाराच्या अगदी मध्यावर आली, मतदानाच्या बारा दिवस आधी. 'चारसौ पार' ही घोषणा त्या लोकांनी ऐकली होती. संविधानात बदल करायला इतकं बहुमत हवं, असं कर्नाटकातल्या एका भाजप खासदारानं मार्चमध्ये जाहीरपणे म्हटलं होतं, आणि पक्षानं ते त्याचं वैयक्तिक मत ठरवलं, हेही त्यांना ठाऊक होतं. हे सगळं समोर ठेवून त्यांनी काही एक निर्णय घेतला. तो बरोबर की चूक यावर वाद घालता येईल. पण देशात ज्यांनी संविधान सगळ्यात मनापासून वाचलं, तेच संविधानाच्या बाबतीत फसले, असं म्हणणारा माणूस त्या वस्तीत कधी गेलेला नसणार. मी गेलेले आहे. तरी त्या चर्चा चालू असताना मी घरातसुद्धा म्हटलं नाही की हे खोटं आहे.

नोव्हेंबरमधला अपमान त्याहून उघड होता. या वेळी हरलेली बाजू दुसरी होती. 'दीड हजारात विकल्या गेल्या बाया.' हे वाक्य मी लग्नाच्या मांडवात ऐकलं, बँकेच्या रांगेत ऐकलं, आणि शिकल्यासवरल्या, स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्या मैत्रिणीच्या तोंडूनही ऐकलं. टीव्हीवर ते सभ्य भाषेत आलं. अर्थ तोच होता. या वेळी मी नुसती गप्प राहिले नाही, मला ते काही काळ पटलंसुद्धा होतं.

देवळी तालुक्यात आमची थोडी कोरडवाहू शेती आहे. निकालाच्या सुमारास कापसाची वेचणी चालू होती. वेचायला येणाऱ्या बायांमध्ये एक जण अनेक वर्षांपासून येते. नवरा नाही, एक मुलगा पुलगावला कामाला. धुऱ्यावर बसून डबा खाताना विषय निघाला आणि मी विचारलं. माझ्या विचारण्यात जे होतं ते तिला बरोबर कळलं. ती म्हणाली, "पैसे आले तं घेतले, बाई. मत माह्या मनानं देल्लं." एवढंच बोलली आणि ओटीत कापूस भरायला उठली. तिनं मत कोणाला दिलं हे मला माहीत नाही. विचारण्याचा मला अधिकारही नव्हता.

मी निवृत्त शिक्षिका आहे. मला दर महिन्याला पेन्शन मिळते. महागाई भत्ता वाढला की ती बातमी मी पेपरात शोधून वाचते. मार्च २०२३ मध्ये राज्यभरातले सरकारी कर्मचारी आणि शिक्षक जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले तेव्हा माझे धाकटे सहकारी त्यात होते, आणि मला त्यांचा अभिमान वाटला. पुढे 'व्होट फॉर ओपीएस' अशी मोहीम चालली. जो पक्ष जुनी पेन्शन देईल त्याला मत, असं उघड सांगितलं गेलं. तेव्हा कोणीही म्हटलं नाही की मास्तर विकले गेले. आम्हाला जागरूक, संघटित मतदार म्हटलं गेलं. माझ्या महिन्याच्या पेन्शनच्या मानानं दीड हजार किती लहान रक्कम आहे, आणि त्या बाईच्या महिन्याच्या हिशोबात ती किती मोठी आहे, हे मला ठाऊक आहे. मग माझा आर्थिक स्वार्थ म्हणजे हक्क आणि तिचा म्हणजे लाच, हा भेद मी कुठून आणला? तो मला कोणी शिकवला असेल तर ज्या चर्चा मी रोज रात्री बघते त्यांनीच. शिकवणारे ते असले, तरी शिकले मी. याचा जाब मलाच द्यायचा आहे.

यावर कोणी म्हणेल की योजना निवडणुकीच्या तोंडावर आणली गेली, हे खरंच आहे ना? खरं आहे. सरकारचा हेतू काय होता यावर सरकारला जरूर प्रश्न विचारावेत. पण सरकारच्या हेतूचा डाग मतदाराच्या अंगावर लावणं हा वेगळा प्रकार आहे. देणाऱ्याला धारेवर धरायची हिंमत नसली की घेणाऱ्याला नावं ठेवली जातात. मीही तेच केलं.

वर्धा आणि कॅमेरा यांचं नातं मी बरीच वर्षं बघत आले आहे. गांधीजी १९३६ पासून सेवाग्रामला राहिले, १४ जुलै १९४२ ला काँग्रेस कार्यकारिणीनं इंग्रजांनी देश सोडावा हा ठराव वर्ध्यात केला, हे सगळं आमच्या वाट्याला आलेलं मोठेपण आहे. त्यामुळे देशाच्या राजकारणाला वर्धा लागतो, पण पाठीमागचा पडदा म्हणून. २ ऑक्टोबर २०१८ ला काँग्रेसची कार्यकारिणी सेवाग्रामला भरली. नेत्यांनी जेवणानंतर स्वतःची ताटं धुतली आणि ते चित्र देशभर गेलं. त्या बैठकीत ठराव कशाचा झाला हे मला आज सांगता येत नाही, ताटं मात्र आठवतात. पुढे १ एप्रिल २०१९ ला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी महाराष्ट्रातला प्रचार वर्ध्यातून सुरू केला. त्या सभेत त्यांनी 'हिंदू दहशतवाद' या शब्दावरून काँग्रेसवर टीका केली आणि राहुल गांधींनी वायनाड निवडल्यावरूनही बोलले. आचारसंहितेच्या भंगाची तक्रार झाली. महिनाभर देशात 'वर्ध्याचं भाषण' गाजत राहिलं. वर्ध्याचं मतदान ११ एप्रिलला होऊन गेलं, आणि भाषणात आचारसंहितेचा भंग नाही हा निवडणूक आयोगाचा निर्णय आला ३० एप्रिलला. आयुक्त अशोक लवासा यांचं मत वेगळं होतं. म्हणजे जे भाषण आमच्या गावात आमच्या मतांसाठी झालं, त्याचा निवाडा आम्ही मत देऊन झाल्यावर एकोणीस दिवसांनी झाला.

त्या महिन्यात मी काय केलं? रोज सकाळी पेपर उघडून माझ्या मताला जो लेख पुष्टी देईल तेवढा वाचला. दुसऱ्या बाजूचा लेख मथळ्यावरूनच सोडून दिला. देशाच्या प्रत्येक वाहिनीवर गावाचं नाव ऐकून मला आतून बरंही वाटत होतं. पण त्या साऱ्या चर्चेत वर्ध्याबद्दल एक वाक्य नव्हतं. इथला कापूस नव्हता, पुलगाव-आर्वीची बंद पडलेली छोटी रेल्वे नव्हती, नागपूरच्या दवाखान्यापर्यंत पोचताना वाटेत दगावणारी माणसं नव्हती. तेव्हा हे माझ्या लक्षात आलं नाही, कारण मला त्या भाषणाच्या बाजूनं किंवा विरुद्ध संतापायचं होतं आणि संतापायला पुरेसा माल रोज दारात येत होता.

माध्यमांना एका रांगेत उभं करून दोष देणं मात्र अन्यायाचं होईल. याच जिल्ह्यातल्या डोरली गावानं कर्जाला कंटाळून 'गाव विकणे आहे' असं जाहीर केलं तेव्हा पत्रकार तिथं गेले म्हणून देशाला कळलं. वर्धा हा विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांच्या सहा जिल्ह्यांपैकी एक. त्या आत्महत्यांचे आकडे आणि त्यामागची माणसं पत्रकार पी. साईनाथ यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं गावोगाव फिरून मांडली. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत राज्यातल्या वेगवेगळ्या वृत्तपत्रांत एकाच नेत्याची स्तुती शब्दशः सारख्या मजकुरात छापून आली होती, हेही साईनाथ यांनीच दाखवून दिलं. पेड न्यूज हा शब्द आपल्या तोंडी रुळला तो त्यानंतर, आणि २०१० मध्ये प्रेस कौन्सिलच्या उपसमितीनं त्यावर सविस्तर अहवाल लिहिला. २० मार्च २०१४ ला शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात दाभडीला मोदींची शेतकऱ्यांसोबत 'चाय पे चर्चा' झाली. तिथं दिलेल्या शब्दांचं काय झालं ते विचारायला पत्रकार पुढच्या काळात परत दाभडीला गेले. म्हणजे विचारणारे होते आणि आहेत. प्रश्न असा आहे की त्यांचं लिहिलेलं मी किती वाचलं. डोरलीची बातमी मी हळहळत वाचली असेल, पण वर्षभरानं त्या गावाचं काय झालं हे विचारायला मी कोणाला फोन केला नाही, आणि डोरली माझ्याच जिल्ह्यात आहे.

माझ्या लहानपणी आमच्या घरी टीव्ही नव्हता, पण प्रचार तेव्हाही होता. आणीबाणीत मी शाळेत होते. विनोबांचा आश्रम जिथं आहे ते पवनार इथून हाकेच्या अंतरावर. विनोबांचं तेव्हा वर्षभराचं मौन चाललेलं होतं. त्या काळातले त्यांचे 'अनुशासन पर्व' हे दोन शब्द सरकारी प्रचारानं देशभर पोचवले, जणू आणीबाणीला आश्रमाचा आशीर्वादच मिळाला. २५ डिसेंबर १९७५ ला मौन सुटल्यावर विनोबांनी सांगितलं की त्यांना आचार्यांचं अनुशासन म्हणायचं होतं. जानेवारी १९७६ मध्ये पवनारला भरलेल्या आचार्यांच्या संमेलनानं परिस्थिती पूर्ववत करावी असं सुचवलं. ते देशाच्या कानावर फारसं गेलं नाही, कारण वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता. त्याच वर्षी आश्रमातून निघणाऱ्या 'मैत्री' मासिकाचे अंक पोलिसांनी जप्त केले. मार्च १९७७ मध्ये उत्तरेत काँग्रेस कोसळली. वर्ध्यानं मात्र काँग्रेसचे संतोषराव गोडे लोकसभेत पाठवले. आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी तेव्हा काय विचार केला असेल? पवनारमध्ये काय घडलं ते इतक्या जवळ राहून त्यांना किती कळलं होतं? मी मोठी झाल्यावर हे त्यांना विचारायला हवं होतं. आता ती माणसं नाहीत.

१९९१ ची गोष्ट मात्र मला चांगली आठवते. वसंत साठे १९८० पासून सलग तीनदा वर्ध्यातून निवडून आले होते. ते माहिती आणि प्रसारण मंत्री होते आणि १९८२ मध्ये देशात रंगीत टीव्ही आला तो त्यांच्या आग्रहामुळे, असं इथं सगळे अभिमानानं सांगत. १९९१ मध्ये महाराष्ट्रानं काँग्रेसला ४८ पैकी ३८ जागा दिल्या, आणि वर्ध्यानं साठ्यांना घरी बसवून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे रामचंद्र घंगारे निवडले. त्या वेळी 'हवा' म्हणून काही असेल तर ती इथं वेगळीच वाहिली होती. १९७७ लाही वेगळी, १९९१ लाही वेगळी. हे इतिहासात नोंदलेलं असताना आम्ही दर निवडणुकीत एकमेकांना पहिला प्रश्न तोच विचारतो, "काय म्हन्ते हवा? कोन येते यंदा?" चहाच्या टपरीवर, बाजार समितीत, एसटीत, सगळीकडे हाच. कोणाला पाठवावं, हे विचारताना मी क्वचितच कोणाला ऐकलं. मी स्वतःही विचारलं नाही. कोण जिंकणार हे ओळखण्यात बुद्धिमान असल्याचं एक समाधान मिळतं. कोणाला पाठवायचं हे ठरवायचं तर उमेदवारानं काय केलं, काय केलं नाही, हे खणून काढावं लागतं, आणि त्यासाठी टीव्ही बंद करून उठावं लागतं.

दिल्लीहून आणि मुंबईहून वार्ताहर येतात तेही हाच प्रश्न घेऊन येतात. सेवाग्रामच्या बापूकुटीसमोर उभं राहून एक वाक्य, बजाज चौकात चार माणसांसमोर माईक, हिंगणघाटच्या बाजार समितीत कापसाच्या गाडीशेजारी एक शेतकरी. "किसकी हवा है?" आणि माणूस माईकसमोर जे बोलतो ते बरेचदा माईक धरणाऱ्याला हवं असतं ते, किंवा बाजूला उभ्या असलेल्या गावच्या पुढाऱ्याला चालेल ते. वार्ताहर गेला की तो शेजाऱ्याकडे बघतो आणि विषय बदलतो. मला पूर्वी हा खोटेपणा वाटायचा. आता वाटत नाही. ज्याचं पीक कर्ज सोसायटीत अडकलंय, ज्याच्या घरकुलाची यादी सरपंचाच्या हातात आहे, त्यानं मनातलं मनात ठेवलं तर ते त्याचं संरक्षण आहे. गुप्त मतदान त्याच्यासाठीच आहे. १ जून २०२४ च्या संध्याकाळी एक्झिट पोलवाल्यांनी सत्ताधारी आघाडीला साडेतीनशेच्या वर जागा दिल्या, आणि प्रत्यक्षात २९३ आल्या. त्यात अशा न बोलणाऱ्यांचा वाटा असणार.

पण माझ्या गप्प बसण्याला हे कारण लागू नाही. माझी पेन्शन कोणी बंद करू शकत नाही. माझं घरकुल कोणाच्या यादीत नाही. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर एका समाजाबद्दल घाणेरडा मजकूर आला तेव्हा मी वाचला आणि फोन बाजूला ठेवला. पाठवणारा भाचा लाडका आहे, वाद नको वाटला. तो मजकूर मी पुढे पाठवला नाही, एवढ्यावर मी स्वतःला चांगलं समजत राहिले. कापूस वेचणाऱ्या बाईचं गप्प राहणं आणि माझं गप्प राहणं एकाच तराजूत घालता येणार नाही. तिला बोलण्याची किंमत मोजावी लागते. मला फक्त दिवाळीतला थोडा अवघडलेपणा सोसावा लागला असता.

आता शेतमालाच्या भावांचं. २०२३-२४ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४६०० रुपये होता आणि लोकसभेच्या मतदानाच्या वेळी बाजारात त्याच्या खाली सौदे होत होते. २०२१ मध्ये याच सोयाबीननं दहा हजारांचा भाव पाहिला होता, त्यामुळे पडण्याचं दुःख मोठं होतं. विधानसभेच्या प्रचारात एका बाजूनं सात हजारांचं आश्वासन आलं, दुसऱ्या बाजूनं सहा हजारांचं. निकाल लागला. सोयाबीन त्या हंगामात चार हजारांच्या आसपासच विकलं गेलं, आमचंही. आम्ही शेतकरी म्हणून रागावलो, पण कोणाकडे गेलो? निवडून आलेल्या आमदाराच्या दारात किंवा हरलेल्याच्या दारात जाऊन, बाबा रे, तुझ्या पक्षानं सहा म्हटले होते, तुझ्या पक्षानं सात म्हटले होते, आता काय करतोस, असं विचारणारं एक निवेदनसुद्धा मी लिहिलं नाही. तीस वर्षं मुलांना पत्रलेखन शिकवलं.

आणि एक गोष्ट, जिच्याबद्दल मला सगळ्यात कमी सबब सापडते. मार्च २०२२ मध्ये वर्धा जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि तिथं प्रशासक आला. गावच्या शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्रं, रस्ते, नळयोजना यांचा कारभार ज्या संस्थेकडे, तिच्यात २०२४ च्या दोन्ही निवडणुकांच्या वेळी लोकांनी निवडलेला एकही सदस्य नव्हता. पंचायत समित्यांचं तेच. त्याच काळात टीव्हीवर रोज रात्री लोकशाही धोक्यात आहे की भक्कम आहे यावर भांडणं चालली होती, आणि मी ती मन लावून बघत होते, कधी या बाजूनं, कधी त्या बाजूनं हळहळत होते. माझ्या स्वतःच्या जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या निवडणुकाच होत नव्हत्या. ज्या शाळांमध्ये मी आयुष्य घालवलं त्यांच्या कारभारावर लोकांचा प्रतिनिधी नव्हता. प्रचाराला आलेल्या एकाही उमेदवाराला मी याबद्दल विचारलं नाही, आणि माझ्या ओळखीत कोणी विचारल्याचं ऐकलं नाही. कोणत्याही वाहिनीनं हा प्रश्न काढला नाही म्हणून मला सुचला नाही, हे खरं उत्तर आहे, आणि ते चांगलं उत्तर नाही.

मला जे करता येईल ते मी ठरवलं आहे आणि तुम्हीही करा, अशी कळकळीची विनंती आहे. पुढचं मतदान जिल्हा परिषदेचं असो की लोकसभेचं, आदल्या रात्री टीव्ही बंद करा आणि एका कागदावर आपल्या हातानं लिहा की उद्या मी मत का देणार आहे. उमेदवाराचं नाव लिहू नका, फक्त कारण लिहा. त्यात तुमच्या गावचं, तुमच्या डोळ्यांनी पाहिलेलं काही आहे का ते बघा. तो कागद जपून ठेवा आणि निकालानंतर कोणी तुमच्या मताचं कारण सांगू लागला की तो काढून वाचा. आणि निकाल तुमच्या मनाविरुद्ध लागला तर शेजारच्या बाईला विकली गेलीस किंवा फसलीस म्हणण्याआधी तिच्याजवळ जाऊन बसा, तिचं कारण तिलाच विचारा, आणि ती सांगायला तयार नसेल तर तिचा तो हक्क माना.